दगडूची बाजू

माझे खरे नाव दगडू. कादंबऱ्यांवर छापले जाते ते भारदस्त नाव मी पंचविसाव्या वर्षी उसने घेतले. ही कबुली फराळाच्या ताटाशेजारी देतो आहे. सणासुदीला वाचक फारसे रागावणार नाहीत, असा माझा अदमास.

कारण घडले ते शाळेत. माझ्या वर्गात तीन आरव, दोन विहान आणि एक रेयांश आहे. रेयांशच्या वडिलांना मी नावाचा अर्थ विचारला. म्हणाले, "मोबाइलवर मिळाले, संस्कृत आहे म्हणे." मग आपणहून पुढे बोलले, "पण बरे झाले मास्तर, ते धोंडू-दगडू गेले एकदाचे! काय ती गावंढळ नावे!" आणि मी, एक दगडू, त्यांच्याबरोबर हसलो. ते हसू अजून घशात अडकले आहे. म्हणून हे भांडण.

या नावांना हसणाऱ्यांनी त्यांची जन्मकथा ऐकावी. माझ्या आधी आईची दोन मुले गेली. त्यांची नावे चांगली देवादिकांची होती. तिसऱ्या खेपेला तिने ठरवले की आता दगडच ठेवायचा. दगडाला कोण उचलून नेणार? कुणी पोर कोंड्यात लोळवले आणि त्याचा कोंडिबा केला, कुणी केरावर ठेवून केरबा केला, कुणी देवापुढे पदर पसरून भिकाजी मागून घेतला. या नावांमागे काळाला हुलकावणी देण्याची धडपड होती. समजूत भाबडी होती, हे मास्तर म्हणून मला मान्य आहे. मुले जगतात ती लस टोचल्याने, वेळेवर दवाखाना गाठल्याने. पण ज्या गावात दवाखानाच नाही, तिथल्या बाईच्या हातात नावाखेरीज होते काय?

आणि नावाने माणसाचे अडते कुठे? 1916 मध्ये महिलांसाठी विद्यापीठ काढणारे आणि 1958 मध्ये 'भारतरत्न' झालेले महर्षी कर्वे धोंडोच होते. 1978 मध्ये 'बलुतं' लिहून महाराष्ट्राची झोप उडवणारे दया पवार घरचे दगडूच.

"म्हणजे मास्तर, जुने ते सगळे सोने?" मुळीच नाही. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले. ज्यांना अशी नावे चिकटवली गेली, त्यांनी ती फेकून दिली तर मी टाळ्या वाजवीन. आणि 'नकुशी'? मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, म्हणून तिला हाक मारायची तीच मुळी 'नको' म्हणून! 2011 साली, दिवाळीला चार दिवस उरले असताना, 22 ऑक्टोबरला साताऱ्यात समारंभ होऊन अशा 285 मुलींनी नवी नावे घेतली. काहींनी म्हणे नटींची घेतली. माझी काही तक्रार नाही. 'नको'पेक्षा कुठलेही नाव गोडच.

दगडू आणि नकुशी दोन्ही कानाला सारखीच ओबडधोबड. पण एक म्हणते, "बाळा, राहा." दुसरे म्हणते, "तू आलीसच कशाला?" नाव जुने की नवे, शहरी की गावठी, हा वाद फोल आहे. ठेवणाऱ्याच्या मनात काय होते, एवढेच विचारावे. रेयांशच्या वडिलांच्या मनातही माया आहेच. फक्त ती थोडी कष्टाळू असावी, अर्थ शोधण्याइतकी. आणि आपल्या घरात एखादा धोंडिबा आजोबा होऊन गेला असेल तर त्याच्या नावाला हसण्याआधी, त्याच्या आईची किती पोरे गेली होती, हे एकदा विचारून घ्यावे.

माझे पहिले पुस्तक आले तेव्हा ते मी आईच्या हातात दिले. तिला अक्षरे लावून लावून वाचता येते. मुखपृष्ठावर बोट फिरवीत तिने नाव वाचले.

"हा कोण रे?"

"मीच, आई."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आमचा दगडू कुठे गेला?"

त्या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिले नव्हते. संपादकांना कळवले आहे, या लेखाखाली माझे आईने ठेवलेले नाव छापा. अंक हाती येताच पहिला तिच्याकडे नेणार आहे.

— दगडू