पैशाइतकी तरी जपणूक

बँकेत असताना जुन्या खातेदारांची बोलणी मी पुष्कळ खाल्ली. "तीस वर्षांचे खाते, आणि आता ओळखीचा पुरावा मागता?" असे ते संतापून विचारीत. त्या पुराव्यामागे पॅरिसची एक संस्था होती : फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स. काळा पैसा रोखण्यासाठी सात श्रीमंत राष्ट्रांच्या पुढाकाराने ती १९८९ मध्ये स्थापन झाली. तिच्या 'करड्या यादी'त नाव गेले की परदेशी बँका त्या देशाशी व्यवहार करताना हात आखडता घेतात. २०१८ ते २०२२ या काळात पाकिस्तानने हा अनुभव घेतला.

त्याच १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. लैंगिक शोषणापासून मुलांचे रक्षण करण्याचे वचन त्यात आहे. वचन मोडणाऱ्यासाठी करडी यादी मात्र नाही.

इंटरनेटवर गुन्हेगार एका देशात, मूल दुसऱ्या देशात आणि पुरावा तिसऱ्याच देशातील संगणकात असतो. सहकार्य अजिबात नाही, असे नव्हे. २०२२ मध्ये सीबीआयने 'मेघचक्र' मोहिमेत देशभर छापे घातले, ते न्यूझीलंडच्या पोलिसांकडून इंटरपोलमार्फत आलेल्या माहितीवरून. मुलांच्या शोषणाची चित्रे आढळल्यास अमेरिकी कंपन्यांना ती तेथील राष्ट्रीय केंद्राला कळवावी लागतात. २०१९ च्या करारानुसार त्यांतील भारताविषयीच्या सूचना आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात.

पण खोच पाहा. आढळले तर कळवण्याची सक्ती आहे, शोधण्याची नाही. कॅशियरला सांगावे, 'खोटी नोट दिसली तर कळव, पण नोटा तपासायलाच हव्यात असे नाही', तसलाच हा प्रकार!

डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सायबर गुन्ह्यांविरुद्ध करार संमत केला. मुलांना फूस लावण्याविरुद्धही त्यात कलम आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई येथे साठांहून अधिक देशांनी सह्या केल्या. पण अंमल सुरू होण्यासाठी चाळीस देशांनी त्याला रीतसर मंजुरी देणे आवश्यक आहे. या निमित्ताने सरकारे नागरिकांवर पाळत ठेवतील, ही मानवी हक्क संघटनांची भीती खोटी नाही. मात्र खातेदाराची गुप्तता राखूनही संशयास्पद व्यवहार कळवण्याची रीत बँकांनी बसवलीच ना?

पैशासाठी जगाने आपल्याला रांगेत उभे केले, आपण कुरकुरत उभे राहिलो. नातवंडांसाठी ती रांग लावा, असे आता आपणच सरकारला सांगायला हवे.