गामाचा मामा

‘घराणे’ हा शब्द आपल्या समाजात मोठ्या मानाने उच्चारला जातो. गवयाचे घराणे, वैद्याचे घराणे, मल्लाचे घराणे! अमुक एक मनुष्य मोठ्या घराण्यातला आहे असे कळले की ऐकणारा मान डोलावतो. आणि ज्याला सांगण्यासारखे घराणे नाही तो आपण होऊन दोन पावले मागे सरतो. यंदा सहामाही परीक्षेनंतर एक विद्यार्थी आम्हांस म्हणाला, “गुरुजी, आमच्या घरात कुणीच शिकलेलं नाही. मला निबंध कसा येणार?” त्या वेळी आम्ही त्यास काही तरी थातुरमातुर उत्तर देऊन वाटेला लावले. ते उत्तर आमच्या मनाला लागून राहिले आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

रक्तात असावे लागते असे म्हणणारे लोक गामा पहिलवानाचे नाव हटकून घेतात. गामा, म्हणजे गुलाम महंमद बक्ष, १८७८ च्या सुमारास पंजाबातील काश्मिरी मुसलमान मल्लांच्या कुटुंबात जन्मला. वडील अजीज बक्ष हे दतिया संस्थानचे दरबारी पहिलवान. हे दतिया ग्वाल्हेरपासून फारसे दूर नाही. धाकटा भाऊ इमामबक्ष हाही नामांकित मल्ल. मग गामा जगज्जेता झाला यात नवल ते काय, असा या लोकांचा सवाल असतो.

परंतु गामा सुमारे सहा वर्षांचा असतानाच अजीज बक्ष वारले. आजोबा नून पहिलवान यांनी नातवाला जवळ केले, तर थोड्याच काळात तेही गेले. मागे राहिला मामा, इदा पहिलवान. बापाच्या मनातला मल्ल या पोरातून घडवीनच, असा त्याने निश्चय केला आणि अनाथ भाच्याला हौद्यात उतरविले. आमच्या मते गामाच्या चरित्राचा खरा आरंभ येथे आहे. रक्त कोणाला पहाटे उठवीत नाही. उठविणारे माणूस लागते. जोर-बैठकांची मोजदाद ठेवणारे, आज पुरे म्हणणारे आणि आज चालणार नाही असेही म्हणणारे माणूस लागते.

१८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा भरविली. चारशेहून अधिक मल्ल जमले होते. दहा वर्षांचा गामाही त्यांच्यात उभा राहिला. एकेक मल्ल गळत गेला. शेवटचे पंधरा उरले तरी हा पोर बैठका मारीतच होता. त्याचे वय पाहून महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याच्या खुराकाचा व मेहनतीचा भार उचलला. रोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका तो काढी, असे सांगतात. बडोद्याच्या संग्रहालयात एक प्रचंड शिळा आहे. ती गामाने १९०२ मध्ये उचलली म्हणतात. तिच्या वजनाचा जो आकडा सांगतात तो ऐकून आमचे गणिताचे सहकारी मिशीत हसतात. आम्ही शिळेचा हट्ट धरीत नाही. पण जोर-बैठकांवर आमचा विश्वास आहे.

१९१० साली शरत्कुमार मित्र या धनिक बंगाली गृहस्थाच्या आश्रयाने गामा व इमामबक्ष लंडनला गेले. तेथे गामाच्या बेताच्या उंचीकडे पाहून त्याला प्रथम कोणी विचारीना. अर्ध्या तासात कोणतेही तीन मल्ल चीत करतो, असे त्याने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेच्या रोलरला त्याने आस्मान दाखविले. इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या लेमला लोळविले. मग १० सप्टेंबरला पोलंडचा धिप्पाड झिबिस्को समोर आला. अडीच तासांहून अधिक काळ कुस्ती चालली, आणि त्यातला बहुतेक वेळ झिबिस्को जमिनीला पोट चिकटवून पडून होता! कुस्ती अनिर्णित राहिली. १७ सप्टेंबरला निकाल लावायचे ठरले. त्या दिवशी गामा आला, झिबिस्को आला नाही. मानाचा पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा एक मिनिटही पुरे न होता झिबिस्को चितपट झाला.

यावर कोणी म्हणेल, “पण मामाही पहिलवानच होता ना? मग घराण्याचाच गुण!” हा आक्षेप खोटा नाही. तालीम घरातच होती, हे गामाचे भाग्य. आमचे म्हणणे इतकेच की हे भाग्य तालमीचे, रक्ताचे नव्हे. आणि तालीम उभी करता येते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान खुले केले, तेव्हा तेथे लढायला इमामबक्षच आला होता. त्या मैदानाच्या आणि महाराजांच्या तालमींच्या आश्रयाने पुढे जे मल्ल घडले, त्यांतील कित्येक साध्या शेतकऱ्यांची मुले होती.

याची दुसरी बाजूही पाहावी. फाळणीनंतर गामा लाहोरास राहिला. राजाश्रय संपला, आजारपण आणि पैशाची ओढाताण वाट्याला आली, आणि २३ मे १९६० रोजी तो वारला. इमामबक्षाच्या मुलांनी, भोलू आणि त्याच्या भावांनी, एक पिढी नाव राखले. १९७६ साली त्यांतील अक्रम कराचीला जपानच्या इनोकीकडून हरला. घराण्यातलाच कोवळा झारा १९७९ मध्ये त्याच इनोकीपुढे बरोबरीने टिकला, आणि १९९१ साली ऐन तारुण्यात निवर्तला. रक्त तेच होते. त्याला पोसणारे दरबार आणि आखाडे मात्र सरले होते.

थोडे आमच्याविषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही. आमच्या घरची बोली कोंकणी. मराठी होती ती देवघरातील पोथीत आणि भजनात, बोलण्यात नव्हे. शेजारचे एक वृद्ध सेवानिवृत्त शिक्षक रोज दिवेलागणीनंतर आम्हांकडून तासभर मोठ्याने वाचून घेत आणि अडखळलो की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचावयास लावीत. त्यांचा आमच्या कुळाशी काहीही संबंध नव्हता.

गामाची छायाचित्रे पुष्कळ ठिकाणी आढळतात: खांद्यावर गदा, झुपकेदार मिशा. इदा पहिलवानाचे एकही छायाचित्र आमच्या पाहण्यात नाही. त्या विद्यार्थ्यास आम्ही आता शनिवारी शाळा सुटल्यावर थांबावयास सांगितले आहे. पहिल्या शनिवारी तो आला नाही; दुसऱ्या शनिवारी आला, आणि त्याने अर्धे पान लिहिले.