प्रमाणपत्रांचे पीक

रावेरच्या केळीबागेत एखादा नवा पोरगा घड कापण्याच्या कामाला लागतो, तेव्हा त्याला कोणी व्याख्यान देत नाही. तो आधी जाणत्या माणसामागून फिरतो. फळाच्या कडा बुजून गोलाई आली की घड कापायचा, हे तो डोळ्यांनी पाहतो, बोटांनी चाचपतो. कच्चा घड कापला तर तिथल्या तिथे बोलणी खातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाला जुंपून घेतो. हंगाम सरता सरता त्याची नजर तयार होते. त्याच तालुक्यातील शिक्षकाला मात्र आपण 'प्रशिक्षित' करतो ते मोबाइलच्या पडद्यासमोर बसवून. चित्रफीत पाहा, मजकूर वाचा, चार पर्यायांतून एक निवडा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्या! केळी कापणाऱ्याच्या वाट्याला येणारे शिक्षण मुले घडविणाऱ्याच्या वाट्याला का येऊ नये, हा आमचा प्रश्न आहे.

आमचे भांडण यंत्राशी नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. देशातील सुमारे 42 लाख शिक्षक व शाळाप्रमुखांसाठी 2019 मध्ये 'निष्ठा' हा उपक्रम सुरू झाला. पुढे महामारीने शाळांना कुलपे लावली, तेव्हा ऑक्टोबर 2020 पासून त्याचे 18 घटक 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर आले. त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. सातपुड्याच्या कुशीतील पालसारख्या गावच्या शिक्षकाला जळगावची वाट न तुडवता मराठीतून पाठ मिळू लागले, ही सोय लहान नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. म्हणजे असे पाठ वाढतच जाणार. म्हणूनच ते कसे रचावेत, हा विचार आजच व्हायला हवा.

आमच्या परिचयातील एका शिक्षिकेने अशाच एका ऑनलाइन प्रशिक्षणाची हकिकत सांगितली. विषय होता ज्ञानरचनावाद. अर्थात मूल ऐकून नव्हे, तर स्वतः करून, पडताळून आपले ज्ञान रचते हा विचार. तो त्यांना शिकवला गेला केवळ ऐकवून! चित्रफीत चालू ठेवून त्यांनी स्वयंपाक उरकला. प्रश्नांची उत्तरे सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आयती आली. आम्ही त्यांना दोष देणार नाही. जी रचना केवळ 'पूर्ण केले' एवढीच नोंद मागते, तिला माणसे तेवढेच देतात.

यावर कोणी म्हणेल, शिक्षणशास्त्राचे सिद्धान्त पुस्तकात शोभतात, व्यवहारात नव्हे. आम्हांस हे मान्य नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले की शिकलेले झपाट्याने विसरते आणि काही काळाच्या अंतराने केलेली उजळणीच ते टिकवते. मग एका बैठकीत घटक संपवून पुन्हा त्याचे नावही न काढणारी रचना कोणत्या शास्त्रात बसते? वर्तनवादी स्किनर यांच्यावर 'माणसाला यंत्र समजणारा' अशी टीका झाली. पण त्यांच्या 1950 च्या दशकातील शिक्षणयंत्रातही विद्यार्थ्याला उत्तर स्वतः लिहावे लागे आणि ते बरोबर की चूक हे लगेच कळे. नुसते पर्याय निवडणे त्यांनाही पुरेसे वाटत नव्हते. आजचे कित्येक पाठ स्किनर यांच्या यंत्राइतकेही मागत नाहीत.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी सांगितले की शिकणारा एकट्याने जेथवर पोहोचतो, त्यापुढची पायरी तो जाणत्याच्या सोबतीने चढतो. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे प्रौढांना साक्षर करताना आधी त्यांचे जगणे व त्यांचे शब्द समजून घेत. बँकेत ठेव ठेवावी तसे डोक्यात ज्ञान भरणाऱ्या शिक्षणाची त्यांनी कठोर चिकित्सा केली. आता रावेरकडे पाहा. खालच्या पट्ट्यात घरोघरी लेवा गणबोली, तर डोंगराकडील वाड्यापाड्यांवर पावरी व तडवी बोली. पहिलीत आलेल्या पावरा मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते, ही तिथल्या शिक्षकाची रोजची अडचण. साऱ्या देशासाठी एकदाच रचलेला पाठ त्याला ही अडचण विचारत नाही आणि त्यालाही ती सांगता येत नाही. त्याचे मोल शेवटी ते मूलच मोजते. अक्षर न उमगता ते पुढच्या वर्गात ढकलले जाते आणि एक दिवस शाळेतून दिसेनासे होते.

दुसरी वाट महाराष्ट्राने पाहिली आहे. 2015 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहण्यास राज्यभरातून शिक्षक जात होते. जमिनीवर रेखाटलेल्या आकृत्यांभोवती बसून काड्या-मण्यांनी शिकणारी मुले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ज्या शिक्षकांनी परतून आपल्या वर्गाची फरशी रंगवली, त्यांना चार पर्यायांतून एक निवडावा लागला नाही!

'एवढी माणसे कुठून आणायची?' असे विचारले जाईल. माणसे आहेतच. केंद्राकेंद्रांतून शिक्षण परिषदा भरतात, केंद्रप्रमुखाचे पद आहे, शेजारच्या गावात अनुभवी शिक्षक आहेत. ऑनलाइन पाठाने आरंभी शिक्षकाची अडचण विचारावी. पाठ आटोपशीर असावा आणि त्यातली एक गोष्ट आठवडाभर वर्गात करून पाहायला सांगावे. काय साधले, काय फसले हे शिक्षकाने परिषदेत मांडावे, सहकाऱ्यांनी त्यावर बोलावे आणि महिन्याने त्याच विषयाकडे पुन्हा वळावे. प्रमाणपत्र द्यायचेच तर यानंतर द्यावे.

आपल्या कुटुंबांतून शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कार्यालयांतून काम करणारे आहेत. अशा पाठांचा प्रसंग सर्वांवर येतो. पुढचे प्रमाणपत्र उतरवून घेण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच विचारावे: उद्या सकाळी माझ्या कामात यामुळे काय बदलेल? उत्तर 'काही नाही' असे आले, तर ते मुकाट गिळू नये. पाठ रचणाऱ्यांना लेखी कळवावे. केळीबागेतला जाणता माणूस पोराच्या हातात कागद देत नाही. घड नीट उतरला की नाही, ते पाहतो.