घर विकून तुम्ही राहणार कुठं?

बँकेची ताबा नोटीस पेपरात आली की थोड्याच दिवसांत कर्जदाराच्या दारात कुणीतरी ओळखीतला माणूस येतो. जालन्यात दस्त लिहिण्यात माझी हयात गेली, अशी माणसं पुष्कळ पाहिली. ती दमदाटी करत नाहीत. "भाऊ, लिलाव होऊ देऊ नका, गावात नाचक्की होईल. बँकेचं मी भरतो. तुम्ही फक्त नावाला खरेदीखत करून द्या. राहा तिथंच. वर्षात पैसे द्या, घर परत घ्या." चहा होतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

या माणसाला पत्ता कायद्यानेच मिळतो. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेतला की बँकेला दोन वर्तमानपत्रांत नोटीस छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कर्जदाराचं नाव, थकबाकी, घराच्या चतु:सीमा, सगळं त्यात असतं. समजा बाकी आठ लाखांची आणि घर तीस लाखांचं. वाचणाऱ्याला आणखी काय हवं?

खरेदीखतात आम्ही लिहितो, मोबदला पावला, ताबा दिला. ताबा दिलेला नसतोच. परत देण्याचा शब्द एक तर तोंडी असतो, नाही तर वेगळ्या बाँडवर. मेख इथंच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 प्रमाणे परतीची अट त्याच दस्तात असेल तरच अशी विक्री गहाण मानता येते. अट वेगळ्या कागदावर गेली की खरेदी ती खरेदीच. हे घरमालकाला ठाऊक नसतं. समोरच्याला असतं, आणि आम्हा दस्तलेखकांनाही असतं.

दुय्यम निबंधकांसमोर विचारलं जातं, सही तुमचीच ना, दस्त मान्य आहे ना? मान हलते, अंगठा उमटतो. घर विकून तुम्ही राहणार कुठं, हे कुणी विचारत नाही. विक्रेता त्याच घरात राहणार असेल तर किती दिवस आणि कोणत्या नात्याने, हे दस्तातच लिहिणं सक्तीचं करा, आणि अशा दस्ताची प्रत सावकारीच्या तक्रारी पाहणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांकडे जाऊ द्या. व्यवहार खरा की खोटा हे ठरवणं आमचं काम नाही, असं नोंदणीवाले म्हणतील. बरोबरच आहे. पण उत्तर लिहून घेणं म्हणजे निवाडा देणं नव्हे.

बँकांनीही नोटिशीची भाषा बदलावी. 'कलम 13(8) कडे लक्ष वेधण्यात येते' या ओळीतून भोकरदनच्या माणसाला काय कळणार? सरळ लिहा: लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण बाकी आणि खर्च भरला तर घर सुटतं. ताब्याविरुद्ध 45 दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते, आणि ते संभाजीनगरात आहे, दिल्लीत नाही. त्याआधीच्या 60 दिवसांच्या मागणी नोटिशीवर हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. शेतजमिनीला तर सरफेसी लागूच नाही, तरी त्याचा धाक दाखवून शिवारंही लिहून घेतली जातात.

जे फसलेत त्यांच्यासाठी 2014 चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे. खरेदी ही मुळात सावकारी कर्जाचं तारण होती असं चौकशीत ठरलं, तर कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधक दस्त अवैध ठरवून मालमत्ता परत देववू शकतात. या अर्जाला मुदत आहे आणि घर तिसऱ्याला विकलं गेलं की भांडण लांबतं, म्हणून लवकर जा. जाताना खरेदीनंतरही तुम्हीच भरलेली लाइट बिलं आणि घरपट्टीच्या पावत्या न्या. 'खरेदीदारा'ला दरमहा व्याज दिल्याच्या फोनवरच्या नोंदी न्या. त्याने तुमच्या कर्जखात्यात पैसे भरले ती तारीख दाखवणारा बँकेचा उताराही सोबत ठेवा.