म्हातारपणी कसं दिसेल, ते म्हाताऱ्यांच्या हातावर बघा

भरतीची जाहिरात निघाली की तळोद्यात दोन प्रकारची पोरं दिसायला लागतात. एक, पहाटे रस्त्यावर धावणारी. दुसरी, भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरणारी. दुसऱ्या प्रकारातला एखादा हळूच बाजूला घेऊन विचारतो, "भाऊ, हे मेडिकलच्या आधी निघेल का?" आणि बाही वर करून दाखवतो. कधी सिंह, कधी महादेव, कधी एखाद्या मुलीचं नाव. पत्रकाराला सगळं माहीत असतं असा लोकांचा समज आहे, म्हणून ही विचारणा माझ्याकडे येते.

घरातल्या मोठ्या माणसांचं यावर एकच वाक्य ठरलेलं: "आम्ही तेव्हाच सांगितलं होतं."

पण काय सांगितलं होतं? भरतीचं सांगितलं नव्हतं. सुईचं सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते हे: "आत्ता छान दिसतंय रे, म्हातारपणी कातडी लोंबली की या वाघाचं मांजर होईल." पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते पाठ झालंय. आणि पुष्कळदा ते बोलणाऱ्या आजीच्या स्वतःच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, विंचू, ठिपके, नवऱ्याचं नाव असं सगळं गोंदलेलं असतं!

तिला तसं म्हटलं की ती चिडते. "हे गोंदण आहे, ते टॅटू." मला आधी ही पळवाट वाटायची. आता वाटत नाही. त्यात तिचं एक म्हणणं आहे, फक्त ती ते नीट मांडत नाही. गोंदण तिने मागितलेलं नव्हतं. सातव्या-आठव्या वर्षी आईने किंवा आत्याने तिला धरून बसवलं, गोंदणारणीने दिव्याची काजळी घेऊन सुया टोचल्या, पोर रडली, हात सुजला, झालं. जे आईच्या हातावर तेच तिच्या हातावर. आपल्याकडच्या भिल्ल बायकांच्या डोळ्याच्या कडेला ती पाखरासारखी बारीक खूण दिसते ना, ती कुणी एकीने हौसेने निवडलेली नाही. ती घराची, जमातीची खूण. नातवाचा सिंह मात्र एकट्या नातवाचा. त्याने मोबाईलमध्ये बघून निवडला, स्वतःच्या पैशाने काढला, घरी विचारलं नाही. आजीचा खरा राग या न विचारण्यावर आहे. म्हातारपण मध्ये उगाच आणलं जातं.

एक गोष्ट मला इथे फिरताना जाणवली. टॅटूवर सगळ्यात कडक बोलणारे पंचाहत्तरीच्या पुढचे नाहीत. ते साठीचे आहेत. रिटायर मास्तर, ग्रामसेवक, बँकेतून निवृत्त झालेले. ही आपल्या भागातली आश्रमशाळा आणि वसतिगृहातून शिकून पुढे आलेली पहिली मोठी पिढी. यांच्या आयांच्या अंगावर गोंदण होतं आणि गावात, कचेरीत त्यावरून "अडाणी", "जंगली" असं ऐकावं लागायचं. म्हणून या पिढीने आपल्या मुलींना गोंदू दिलं नाही. शाळेत पोरी हसतात म्हणून नाही, नोकरीत विचारतील म्हणून नाही. त्यांचा तेव्हाचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही, त्यांनी जे सोसलं ते मी सोसलेलं नाही. पण ज्या गोष्टीपासून मुलांना एवढ्या कष्टाने लांब नेलं, तीच गोष्ट नातू शहरातल्या दुकानातून फॅशन म्हणून विकत घेऊन घरी येतो, तेव्हा आजोबांच्या पोटात जे कालवतं ते समजून घ्यायला पाहिजे. ते "म्हातारपणी वाईट दिसेल" म्हणतात, पण त्यांच्या मनात दुसरंच काही असतं.

पंचाहत्तरीच्या पुढच्या बाया याबाबतीत बऱ्याच मोकळ्या आहेत. नातीच्या मनगटावर फुलपाखरू बघून एक आजी म्हणाल्या, "एवढंसंच? आमचा तर हात भरलेला असायचा." दुसऱ्या एकीला मी विचारलं, आता हातावरचं पुसट झालं, वाईट वाटतं का? उत्तर अहिराणीत मिळालं, "हाईच संगे यी." मेल्यावर दागिने उतरवून घेतात, लुगडं जळतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, ही जुनी समजूत. ती आणि दुसऱ्या कुणाचं काही नाही असं मरण, हे दोन शब्दांत सांगून बाई भाजी निवडायला लागल्या.

आता तो म्हातारपणी कसं दिसेल हा प्रश्न. मला तो फालतू वाटत नाही, फक्त तो चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. उत्तर आपल्या घरातच बसलेलं आहे. साठ-सत्तर वर्षं उन्हात, शेतात, चुलीपुढे राहिलेल्या कातडीवरचं गोंदण बघायचं असेल तर आजीचा हात हातात घ्या. काय दिसतं? काळा रंग काळा राहिलेला नाही, हिरवट-निळा झालाय. जाड रेघा, ठिपके, तुळस अजून ओळखू येते. बारीक अक्षरं एकमेकांत मिसळली आहेत. याला कारण आहे. रंग कातडीच्या वरच्या थरात नसतो, खालच्या थरात असतो. तिथल्या पेशी तो बाहेरचा कचरा समजून गिळून बसतात. त्या पेशी मरतात तेव्हा रंग सुटतो आणि नव्या पेशी तो परत गिळतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवून दिलं. म्हणजे टॅटू एका जागी ठप्प बसलेला नसतो, आयुष्यभर त्याची हळूहळू देवाणघेवाण चालू असते. त्यात रेघ पसरते. ऊन लागलं की फिकी होते. वय वाढलं की कातडी पातळ आणि सैल होते.

तेव्हा पोरांनो, टॅटूवाल्याच्या मोबाईलमधले फोटो कालच काढलेल्या टॅटूचे असतात. सत्तर वर्षांनंतरचा फोटो त्याच्याकडे नाही, तुमच्या आजीकडे आहे. केसासारख्या बारीक इंग्रजी अक्षरांत पूर्ण वाक्य लिहून घेणार असाल तर आधी तिचा हात बघून या.

आणि वाईट दिसतं का? मला नाही वाटत. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. यादीला, कार्डाला नाव विचारलं की बाही सरकवून हात पुढे करायच्या, लिहिणाऱ्याने वाचून घ्यायचं. आज त्याच बाईचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही, कारण आयुष्यभर मजुरी करून बोटांच्या रेषा झिजल्या. मशीन म्हणतं, ही ती नाही. हातावरचं नाव मात्र अजून वाचता येतं! आमच्या धंद्यातलाही अनुभव सांगतो. रेल्वे रुळाजवळ, तापीच्या पात्रात अनोळखी मृतदेह सापडला की बातमीची एक ओळ बहुतेक वेळा हीच असते: उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेले. कितीतरी घरांना त्या एका ओळीने आपलं माणूस सापडलंय. तेव्हा ते सुंदर दिसतं का, असं कुणी विचारत नाही.

जग पण आता उलटं वळतंय. फिलिपिन्समध्ये वांग-ओद नावाची एक आजी आहे. डोंगरातल्या गावात लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा आणि काजळी घेऊन गोंदते. २०२३ च्या एप्रिलमध्ये 'व्होग' मासिकाच्या तिथल्या आवृत्तीने तिला वयाच्या १०६ व्या वर्षी मुखपृष्ठावर घेतलं. अंगभर गोंदण, अंगभर सुरकुत्या. आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बायांचं कुणी नावही लिहून ठेवलं नाही. बाकी असो.

मग मोठ्यांनी गप्प बसावं का? अजिबात नाही. पण भीती घालायचीच असेल तर खरी घालावी. खऱ्या गोष्टी दोन आहेत.

पहिली भरतीची. सैन्याच्या नियमात कायमचा टॅटू फक्त कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. मान, छाती, दंड, पाठ चालत नाही. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांत त्याहून कडक आहे: फक्त डाव्या हाताची आतली बाजू, कारण सॅल्यूट उजव्या हाताने करायचा असतो, किंवा पंजाची मागची बाजू. आकारही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. राज्य पोलिसांसाठी त्या त्या वेळची जाहिरात नीट वाचा, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

याच नियमांत एक ओळ अशी आहे की जी आपल्या तालुक्यात मोठ्याने वाचली पाहिजे. आदिवासी जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या चालीरीतीप्रमाणे अंगावर, अगदी चेहऱ्यावर असलेलं गोंदणही सैन्यात चालू शकतं, प्रकरण बघून परवानगी मिळते. म्हणजे ज्या गोंदणाला आपण अडाणीपणा म्हणून घरातून घालवलं, त्याला सैन्याच्या कागदात परंपरा म्हणून जागा आहे. आणि जो सिंह आधुनिक म्हणून दंडावर काढला, तो पोराला मैदानातून परत पाठवतो. सिंहाला जमातीची चालरीत म्हणता येत नाही, कितीही जातीचा दाखला जोडा.

काढायचा म्हटलं तर लेझर आहे. पण त्याला अनेक बैठका लागतात, दोन बैठकांत काही आठवडे जावे लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात निघतो, रंगीत हट्टी असतो. मेडिकल पंधरा दिवसांवर आली असताना त्याचा काही उपयोग नाही. मग पोरं चुना-सोडा, ॲसिड असले प्रयोग करतात आणि टॅटूच्या जागी भाजल्याचा व्रण घेऊन जातात. कृपा करून हे करू नका.

दुसरी गोष्ट सुईची, आणि ती जास्त महत्त्वाची. अक्षय तृतीयेला कालिका मातेच्या यात्रेत, दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात मशीनवाले खाली पथारी टाकून बसलेले असतात. पाच मिनिटांत नाव. एकाचं झालं की कापडाने पुसलं, पुढचा हात. सुई बदलली का, रंगाची वाटी बदलली का, कुणी विचारत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर कमीत कमी सात दिवस जिवंत राहू शकतो. २०२२ मध्ये वाराणसीत एचआयव्ही निघालेल्या काही रुग्णांनी टॅटू काढल्याचं सांगितल्याच्या, एकच सुई अनेकांना वापरल्याच्या संशयाच्या बातम्या देशभर आल्या होत्या. आपण वाचल्या आणि विसरलो.

आपल्या भागाला यात आणखी एक कारण आहे. सातपुड्यात सिकलसेल किती घरांत आहे ते मी सांगायला नको. त्या पोरांना रक्त लागतं, आणि रक्ताची टंचाई म्हणजे काय ते ज्याने एका पिशवीसाठी नंदुरबारला रात्री फोन फिरवलेत त्याला विचारा. टॅटू काढला की बारा महिने रक्त देता येत नाही, असा रक्तपेढ्यांचा नियम आहे. अठरा-वीस वर्षांची धडधाकट पोरं यात्रेनंतर वर्षभर शिबिरातून परत जातात. हे आजोबांनी नातवाला सांगितलं तर नातू ऐकेल. वाघाचं मांजर ऐकून तो हसतो.

यात्रेत टॅटूवाल्यांच्या पथारीपुढे थांबून सुई बघणारा कुणी सरकारी माणूस मी तरी आजवर पाहिलेला नाही. पुढच्या यात्रेच्या आधी पालिकेने आणि आरोग्य खात्याने दोनच गोष्टी कराव्यात: जागा देतानाच प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी बंद पाकिटातली सुई ही अट घालावी, आणि अठराच्या आतल्या पोरांना टोचू देऊ नये. पैसा फारसा लागत नाही, एक माणूस फिरवायला लागतो. मी तसा अर्ज लिहितोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली कळवा. आणि घरात कुणाच्या हातावर जुनं गोंदण असेल तर त्यांना विचारून फोटो पाठवा. कुठल्या गावात, कुणाकडून, कितव्या वर्षी गोंदलं हे त्यांच्याच शब्दांत लिहा. चेहरा नको, हात पुरे.