नदीच्या दोन काठांवरचं मत

अमेरिकेत मतदार नोंदणीचे नियम राज्यागणिक बदलतात. संसदेच्या निवडणुका कधी, कुठे आणि कशा घ्यायच्या हे ठरवण्याचं काम तिथल्या राज्यघटनेने राज्यांच्या विधिमंडळांकडे दिलं आणि त्यात बदल करण्याचा अधिकार संसदेकडे ठेवला. भारतातल्यासारखा सगळ्या देशाची यादी सांभाळणारा निवडणूक आयोग तिथे नाही. १९९३च्या केंद्रीय कायद्याने वाहन परवाना काढतानाच नाव नोंदवण्याची सोय बहुतेक राज्यांना करावी लागली, तरी फरक उरलेच. ऑरेगॉनमध्ये २०१६पासून परवान्याच्या नोंदींवरून नाव आपोआप यादीत चढतं. टेक्सासमध्ये मतदानाच्या ३० दिवस आधी अर्ज पोहोचावा लागतो, न्यू जर्सीत २१ दिवस आधी. एडिसनहून डॅलसला बिऱ्हाड हलवलेल्या मराठी कुटुंबाने नागरिकत्वाची शपथ कधीच घेतलेली असली, तरी नव्या राज्यात नोंदणी पहिल्यापासून करावी लागते. मत देताना न्यू जर्सीत एरवी सही जुळली की काम होतं. टेक्सासमध्ये छायाचित्र असलेलं ओळखपत्र काढून दाखवावं लागतं.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो रेड नदीच्या काठी. पश्चिमेला नॉर्थ डकोटातलं फार्गो, पूर्वेला मिनेसोटातलं मूरहेड. मध्ये फक्त पूल. मूरहेडमध्ये मतदानाच्याच दिवशी केंद्रावर जाऊन नाव नोंदवता येतं. कागद नसला तर त्याच मतदान क्षेत्रातला नोंदणी झालेला शेजारी पुढे होतो आणि ‘ही व्यक्ती इथेच राहते’ असं शपथेवर सांगतो. एका माणसाला अशी आठ जणांची हमी देता येते. शेजाऱ्याच्या शब्दाला कायद्याने दिलेला हा मान फार मोलाचा आहे.

पूल ओलांडला की नोंदणीच नाही. नॉर्थ डकोटाने ती १९५१मध्ये रद्द केली. गावं लहान, केंद्रावरची माणसं ओळखीची, मग यादी कशाला, असा हिशेब होता. ऐकायला सोपं, पण पुढे राहत्या घराचा पत्ता असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं आणि आदिवासींच्या राखीव प्रदेशांत अनेक घरांना रस्त्याचं नाव नाही, घर क्रमांक नाही. पत्रं टपाल कार्यालयातल्या पेटीत येतात आणि जमातीच्या ओळखपत्रावर पत्ताही त्या पेटीचाच. ऑक्टोबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम थांबवायला नकार दिला, तेव्हा मतदानाला महिनाही उरला नव्हता. जमातींनी स्वतःच पत्ते ठरवून नवी कार्डं फुकट छापायला घेतली. पिढ्यानपिढ्या त्याच जमिनीवर राहणाऱ्यांना आपण कुठे राहतो हे सिद्ध करावं लागणं हा सरळ अन्याय होता. २०२०मध्ये राज्याने तडजोड केली आणि नकाशावर आपलं घर दाखवून मत देण्याची मुभा या मतदारांना मिळाली.

छायाचित्राच्या सक्तीत इंडियानाने २००५मध्ये पुढाकार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये तो कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी कायम ठेवला. मात्र दुसऱ्याच्या नावावर केंद्रात जाऊन मत दिल्याचं इंडियानातलं एकही उदाहरण न्यायालयासमोर आलं नव्हतं. कार्ड फुकट मिळतं, पण त्यासाठी लागणारा जन्मदाखला फुकट नसतो. टेक्सासच्या २०११च्या कायद्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालला, विद्यापीठाचं ओळखपत्र चाललं नाही. कोणता कागद खरा मानायचा यातच कोणाचं मत सोपं करायचं हेही ठरून जातं. पुढे न्यायालयात वाद झाल्यावर, ओळखपत्र मिळवण्यात खरी अडचण असलेल्यांना प्रतिज्ञापत्र आणि दुसरा कागद देऊन मत देता येऊ लागलं.

नागरिकत्वाच्या पुराव्यावरूनही असाच फरक पडतो. केंद्रीय अर्जात मतदार नागरिक असल्याचं सहीनिशी सांगतो. कॅन्ससने जन्मदाखला किंवा पासपोर्ट मागायला सुरुवात केली आणि ३०,०००हून जास्त अर्ज अडकले. २०१८मध्ये केंद्रीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. ॲरिझोनात मात्र यादीच दोन तऱ्हांची झाली. पुरावा न दिलेला मतदार तिथे संसदेसाठी मत देऊ शकतो, पण राज्यपाल किंवा गावच्या शाळा मंडळाची निवडणूक त्याच्या मतपत्रिकेवर छापलेलीच नसते.