मोफत शिक्षणाला सोबत हवी

2012 साली अमेरिकेतल्या एमआयटीने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना मोफत खुला केला. दीड लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. शेवटी उत्तीर्ण झाले सात हजारांच्या थोडे वर. एका प्राध्यापकाला वर्गात शिकवून इतके विद्यार्थी जन्मात मिळणार नाहीत, म्हणून या सात हजारांचे मोल मोठेच आहे. आम्हाला मात्र उरलेल्यांची काळजी वाटते.

आपल्याकडे ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आयआयटी आणि आयआयएससी यांचा ‘एनपीटेल’ हा उपक्रम 2003पासून, तर केंद्र सरकारचा ‘स्वयं’ 2017पासून चालू आहे. पदवीचे 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयं’वरून मिळवण्याची मुभाही 2021मध्ये मिळाली. व्याख्याने मोफत आहेत; प्रमाणपत्रासाठी मात्र परीक्षा शुल्क भरून केंद्रावर जावे लागते. गडचिरोलीच्या आतल्या गावातून तो प्रवासही खर्चाचाच. त्याहून मोठी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलगी इंग्रजी व्याख्यान पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकते, आणि विषय समजण्याआधीच थकते. अडले तर विचारायला शेजारी कुणी नसते. अशा मुलीने अभ्यासक्रम अर्धवट सोडला, तर तिच्या चिकाटीवर बोट ठेवणे अन्यायाचे आहे.

शिकणाऱ्याला अशी सोबत लागते, हे महाराष्ट्राला नवे नाही. रयत शिक्षण संस्था 1919 साली स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे केले. खेड्यातल्या मुलाला शाळेचे नुसते नाव सांगून भागत नाही. राहायला जागा, पोटाला अन्न आणि बरोबर शिकणारी मुले लागतात, हे त्यांनी ओळखले होते. जातीपातीची बंधने मोडून मुले तिथे एकत्र राहिली, एकत्र जेवली. पुढे 1989मध्ये नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही घरी शिकणाऱ्याला मराठी पुस्तके दिली, आणि त्यांच्या जोडीला अभ्यासकेंद्र आणि समंत्रकही दिला. ऑनलाइन शिक्षणात नेमका हा दुवा सुटला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो जोडायला नवी इमारत लागत नाही. 1967च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळाले. त्यांतल्या कितीतरी वाचनालयांत संध्याकाळी वर्तमानपत्रांपलीकडे काही उघडले जात नाही. तिथे एक पडदा लावावा, आठवड्यातून दोनदा मुलांनी एकत्र बसून व्याख्यान पाहावे, आणि अडेल तिथे कुणी मराठीतून समजावून सांगावे.

वाचकहो, तुमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत, बँकेत हिशेब पाहिलेले आहेत. दिवाळी आटोपली की जवळच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटा आणि तुम्हाला नीट येणारा एकच विषय मागून घ्या. ‘स्वयं’चे पुढचे सत्र जानेवारीत सुरू होते.